चार नंबरची हाक

ती दुपार अजून माझ्या कानांत आहे. डोळ्यांनी पाहिलेले पुष्कळ काही सेवेच्या वर्षांबरोबर पुसट झाले. पण जी हाक मी स्वतः ऐकलीही नाही, जी फक्त एका वहीच्या पानावर निळ्या शाईत वाचली, ती मात्र अजून थांबलेली नाही.

तेव्हा मी धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळी अंगावर शाल आणि दुपारी डोक्यावर पदर, अशी खानदेशातली दुहेरी हवा. चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन खाली ठेवला आणि स्टेशन डायरी पुढे ओढत म्हणाला, ''मॅडम, मनोरुग्णालयातून आहे. पेशंटने वॉर्डातल्या कामाच्या मावशीला मारलं. मावशी बेशुद्ध.''

त्या रुग्णालयाचे नाव मी सांगणार नाही. त्याच्या एका टोकाला स्त्रियांचा बंदिस्त कक्ष होता. न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या रुग्णांना तिथे ठेवीत. जाळीचे दार उघडले की पहिल्यांदा फिनेलचा वास येई, मग उकडलेल्या डाळीचा, आणि सर्वांत शेवटी पुष्कळ माणसे पुष्कळ दिवस एकाच जागी राहिल्याचा तो वास, ज्याला नाव नाही.

परिचारिकांच्या खोलीत मला खुर्ची दिली, चहा दिला. चहा पीत मी चार जबाब घेतले. आज मला सर्वांत आधी खटकतो तो तो चहा. घटना जिच्याबद्दल होती, ती पलीकडे भिंतीआड बसली होती, आणि मी तिच्याविषयी तिच्यावाचून सगळे ऐकून घेत होते.

''चार नंबर ना? होणारच होतं हे,'' त्या दिवशी कामावर असलेल्या सिस्टर म्हणाल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, आवाजात थकवा. ''ती आजारी नाही हो मॅडम. व्यक्तिमत्त्वाचा विकार लिहिलाय कागदावर. म्हणजे काय, तर सगळं कळून करते. बाकीच्या बिचाऱ्या खऱ्या आजारी आहेत, त्यांना भ्रम होतात. हिला भ्रम नाही, नाटक आहे.''

'खऱ्या' आणि 'नाटकी'. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीकडे कक्ष सोपवी तो याच दोन शब्दांत, हे मला पुढे कळले. खऱ्यांसाठी 'बिचारी' हा शब्द होता, गरम पोळी होती, सणाला वेणीत फूल होते. नाटकींसाठी सूचना होती: लक्ष देऊ नका, लक्ष दिले की वाढते.

कक्षात 'चार नंबर' हेच तिचे नाव होते. वय तिशीच्या आत. फैजपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचे गाव. माहेर पावसाच्या भरवशाची शेती करणारे, उरलेले महिने मोह-चारोळी वेचणारे आणि केळीच्या बागांत मजुरीला जाणारे. रागाच्या एका लाटेत तिने सासरचा चाऱ्याचा ढीग पेटवला होता. कोणाला इजा झाली नव्हती. न्यायालयाने उपचारासाठी पाठवले. तीन वर्षे झाली होती. सात वर्षांची मुलगी आजीजवळ होती. आणि बरोबर आठ दिवसांनी आढावा मंडळाची बैठक होती, जिच्यात तिला घरी सोडण्याचा निर्णय व्हायचा होता. हल्ल्याचा गुन्हा कायम राहिला तर घर नाही. उलट दूरच्या, अधिक बंदोबस्ताच्या ठिकाणी रवानगी, जिथवर तिच्या आईची एस.टी. कधीच पोहोचली नसती.

घटना अशी सांगितली गेली. दुपारी पावणेतीनला मावशी तिला डोक्यावरून न्हाऊ घालायला न्हाणीघरात घेऊन गेल्या. नियमाप्रमाणे सिस्टरांनी बाहेरून जाळीच्या दाराला कुलूप लावले. तीन चाळीसला चहाच्या वेळी कुलूप उघडले, तर मावशी रक्तात, डोके चार नंबरच्या मांडीवर, तिचे हात कोपरापर्यंत लाल, अंगातला सदरा फाडलेला. ''त्याच कापडानं गळा आवळणार होती,'' चौघींनी सांगितले. चौघींच्या जबाबात 'हल्ला' हा शब्द होता. हल्ला होताना चौघींपैकी एकीनेही पाहिले नव्हते, हे लिहून घेताना माझ्या लक्षात आले नाही. व्हरांड्यातला कॅमेरा बरेच दिवस बंद होता. मी न्हाणीघराचा पंचनामा केला, रुग्णालयाची फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला.

तिला मी सर्वांत शेवटी भेटले. ओले केस तसेच वाळून त्यांच्या जटा झाल्या होत्या. दंडावर जुन्या कापल्याच्या रेघा, एकाखाली एक, जणू कुणी दिवस मोजले आहेत.

''मी नाही मारलं ताई. त्या पडल्या. मी वरडली, लय वरडली. कोनीच नाही आलं.''

''किती वेळ?''

''मले काय म्हाईत? घड्याय आहे का मायाजवय?'' ती एकदम उसळली, आणि लगेच हसली. ''लिहा ना, चार नंबर नाटक करते. तुमालेबी तेच सांगितलं असंल.''

त्या हसण्याने माझे मन तिच्याविरुद्ध झाले. निर्दोष माणूस असे हसत नाही, असे आम्ही ठाण्यात मानतो. माणसे कशी हसतात याविषयी आमच्या ठाण्यांमध्ये पुष्कळ अज्ञान आहे.

पहिली शंका दुसऱ्या दिवशी आली, आणि तीही कागदातून. शासकीय दवाखान्याने दिलेल्या दुखापतीच्या दाखल्यात डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: जखमीस आणले तेव्हा डोक्यावरील जखमेवर चार पदरी घडी केलेले कापड घट्ट बांधलेले होते. मी ती ओळ तीनदा वाचली. गळा आवळणारे हात कापडाची चार पदरी घडी करीत नाहीत. मावशींच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली, हेही दाखल्यात होते. त्यांचा त्या दिवशी उपास होता, मधुमेहाची गोळी मात्र घेतली होती. हे त्यांच्या सुनेने सांगितले. न्हाणीघरातल्या नळाच्या दगडी कठड्यावर रक्ताचा डाग माझ्याच पंचनाम्यात नोंदलेला होता. मावशी चक्कर येऊन पडल्या असणे सहज शक्य होते. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. मावशी अजून बेशुद्ध होत्या. आणि वरिष्ठ म्हणाले, ''तिच्या आधीच्या नोंदी पाहा. सराईत आहे ती.''

मी नोंदी पाहिल्या. खरेच, ती खोटे बोलत असे. वर्षापूर्वी 'सिस्टरनी माझे केस ओढून आपटले' अशी तक्रार तिने केली होती. दोन महिने चौकशी चालली, तक्रार खोटी निघाली. त्या सिस्टर म्हणजे याच, घटनेच्या दिवशी कामावर असलेल्या, मला चहा देणाऱ्या. आणखी एकीला ती चावली होती. एकीचे गुपित दुसरीला सांगून तिने दोघींत भांडण लावले होते. तिच्या बाजूने बोलावे असे त्या फायलीत एकही पान नव्हते.

चौथ्या दिवशी तिची आई ठाण्यात आली. फैजपूर, भुसावळ, जळगाव, मग धुळे, असा चार बस बदलत. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे साबणाने जात नाहीत. लुगड्याच्या पदराला अजून बागेतला ओला, हिरवा वास होता. ती बाकावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, ''मायी लेक खोटं बोलते ताई. लहानपनापासून बोलते. पन रगत पाहून पयनारी नाही ती. बागेत कोनाचा हात वियानं कापला का पयले हीच धावे.''

आणि मग, जाताना, अगदी हळू: ''पोरगी रोज इचारते, माय कधी येईन? मी आता काय सांगू, तेवढं तुमी सांगा.''

 त्या दुपारी मी पुन्हा कक्षात गेले, या वेळी परिचारिकांच्या खोलीत न थांबता.

अंगणातल्या कडुनिंबाखाली एक म्हातारी बसलेली असे. सगळ्या तिला अक्का म्हणत. अकरा वर्षे ती तिथे होती, साक्रीकडची, कक्षाची लाडकी, 'खऱ्यां'मधली सर्वांत खरी. पानगळ चालू होती आणि अक्का वाळक्या पानांचे वाटे घालीत होती, प्रत्येक रुग्णाला एक.

''चार नंबरचा वाटा कुठला, अक्का?'' मी विचारले.

''तो शे ना, मोठा.'' तिने बोट दाखवले. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, ''तू पोलीस शे ना? मंग आयक. ती नाटकी शे, मी येडी शे. दोन्हीसनं कोनी आयकत नही.''

''मी ऐकते, सांग.''

''त्या दिन बठ्ठासनी आयकं. ती वरडी ऱ्हायंती, मावशी पडनी, मावशी पडनी. बठ्ठासनी आयकं.''

''सगळ्यांनी ऐकलं? सिस्टरांनीसुद्धा?''

''सिस्टर लिखी ऱ्हायंती,'' अक्का म्हणाली. ''बारकी वहीमा.'' आणि पुन्हा पानांकडे वळली.

अक्काचा जबाब मंडळासमोर एकटा उभा राहिला नसता. पण तिने मला जे द्यायचे ते दिले होते. कक्षाची पक्की नोंदवही मी आधीच पाहिली होती: मोठी, लाल कापडी पाठीची, वळणदार अक्षरातली. त्या दिवशीची नोंद एकच, तीन चाळीसची: 'रुग्ण हिंसक. कर्मचाऱ्यावर हल्ला.' बारकी वही मला कुणी दाखवली नव्हती. मी ती मागितलीही नव्हती, याचे आजही नवल वाटते. कारण आमच्या ठाण्यातही हीच रीत. घडेल तसे कच्च्यात लिहायचे आणि पाळी संपताना शोभेल तसे पक्क्यात उतरवायचे. सत्य आणि पक्की नोंद यांच्यामध्ये एक कच्चे पान असते, हे पोलिसाला कुणी शिकवावे लागत नाही.

सिस्टरांना मी ठाण्यात बोलावले. टेबलाच्या या बाजूच्या दोन खुर्च्यांवर आम्ही शेजारी बसलो.

''कच्ची वही कुठे आहे, सिस्टर?''

त्यांनी पदर सारखा केला. ''कच्चं ठेवत नाही आम्ही. उतरवलं की टाकून देतो.''

''या वेळी टाकलं?''

त्यांनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. बाहेर वायरलेस खरखरत होता. मग एकाएकी त्यांचा आवाज चढला. ''मॅडम, तुम्ही आठ तास काढा तिच्याबरोबर. एकदाच. दिवसातून चाळीस हाका. पाणी नको असतं, औषध नको असतं, नुसतं 'सिस्टर या.' गेलं की तोंडावर थुंकते. नाही गेलं की हात कापून घेते. तिच्या खोट्यापायी मी दोन महिने चौकशीला उभी राहिले. माझा मुलगा शाळेत मार खाऊन आला, तुझी आई वेड्यांना मारते म्हणून! आणि आम्हाला शिकवलं काय, तर दुर्लक्ष करा. मग केलं. शिकवलं तेच केलं.''

एवढे बोलून त्यांनी ओठ दाबले. कबुली झाली होती आणि ते त्यांनाही कळले होते. पण तोंडी कबुली बाहेर पायरीवर गेली की फिरते. मला वही हवी होती. अशा वेळी दरडावता येते, अटकेचे नाव घेता येते. मी तसे करू शकले नाही. त्या जे बोलल्या होत्या त्यात मला माझाच आवाज ऐकू आला होता.

मग मी त्यांना ते सांगितले, जे तोवर कुणालाच सांगितले नव्हते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, जामनेरच्या बाजूला असताना, एक बाई दर बाजारच्या दिवशी ठाण्यात येई. दीर मारून टाकील, म्हणे. अंगावर वळ नसत, साक्षीदार नसे, मागच्या आठवड्याचे आणि या आठवड्याचे सांगणे जुळत नसे. आम्ही तिला 'बाजारवाली' म्हणायचो. ती दारात दिसली की कोणीतरी म्हणे, ''आली बघा, आज मेथी काय भाव?'' आणि मीही हसे. तिच्या पिशवीतून कोथिंबिरीचा वास येई. बोलता बोलता ती एक काडी तोडून माझ्या टेबलावर ठेवी, जणू ऐकण्याची लाच. एका बाजारच्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याकडे गेलो, पंचनाम्याला.

''तिच्या नावाची आमच्याकडे एकही नोंद नव्हती, सिस्टर,'' मी म्हणाले. ''कच्चीसुद्धा नाही. तुम्ही निदान लिहिलंत.''

सिस्टरांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या. मग त्यांनी पर्स उघडली. डब्याखालून एक दुमडलेली, चाळीस पानी वही काढली. ''जाळायला घेतली होती,'' त्या म्हणाल्या. ''गॅससमोर उभी राहिले. नाही जाळवली.''

पान मी तिथेच वाचले. निळी शाई, घाईचे पण वाचता येणारे अक्षर.

'३.०५. चार नंबर आरडाओरडा. नेहमीचे. दुर्लक्ष.'

'३.१५. पुन्हा. मावशी पडल्या म्हणते. नाटक. दुर्लक्ष.'

'३.२५. दार वाजवते. रडते. कापड फाडल्याचा आवाज. सकाळी समज देणे.'

आणि मग तीन चाळीस.

पस्तीस मिनिटे. ती कुलपाआड होती, किल्ली बाहेर होती, तिच्यापाशी आवाजाशिवाय काही नव्हते. खोटे बोलून बोलून झिजवलेला तोच आवाज तिने पस्तीस मिनिटे खऱ्यासाठी वापरला. तिच्यावरचा अविश्वास ज्या हाताने क्षणाक्षणाला नोंदवला, त्याच हाताने तिची निर्दोषताही लिहून ठेवली होती. ज्याने हल्ला केला तो हल्ल्याची वर्दी अर्धा तास आधीपासून ओरडून देत नाही.

वही मुद्देमालात घेतली, पंचनामा केला, सिस्टरांचा पुरवणी जबाब नोंदवला. त्यांनी एक शब्दही बदलून मागितला नाही. दाखला, साखरेचा अहवाल, कठड्यावरचा डाग आणि ती तीन ओळींची नोंद जोडून मी न्यायालयात 'क' समरी पाठवली. म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. त्याची प्रत बैठकीच्या आदल्या दिवशी मी स्वतः मंडळाकडे पोहोचवली.

मावशी नवव्या दिवशी शुद्धीवर आल्या. पडल्याचे त्यांना काहीच आठवत नव्हते. एवढेच म्हणाल्या, कुणीतरी सारखे गालावर थोपटत होते आणि म्हणत होते, निजू नका, मावशी, निजू नका.

मंडळाने एकदा निर्णय पुढे ढकलला, दुसऱ्या बैठकीत सोडण्याचा आदेश दिला. सिस्टरांवर खातेनिहाय कारवाई झाली. कक्षातली 'दुर्लक्ष करा' ही सूचना मात्र एका सिस्टरच्या नावावर नव्हती, म्हणून तिच्यावर कारवाई करता आली नाही. हे मी माझ्या अहवालात लिहिले होते. उत्तर आले नाही.

सोडायच्या दिवशी मी साध्या वेशात गेले होते. आई आली होती. नातीला घरीच ठेवले होते, चार बसच्या प्रवासात तिला उलटी होते म्हणून. चार नंबर बाहेर आली. तेल लावून घट्ट विंचरलेले केस, आईने आणलेले जांभळे लुगडे, आणि उन्हाची सवय मोडल्याने बारीक झालेले डोळे. दारात सिस्टर कागदांवर सही घेत होत्या. अजून त्यांची बदली झाली नव्हती. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

सही करून पेन परत देताना ती म्हणाली, ''सिस्टर, ते केस वढल्याचं म्हनलं होतं ना मी? ते खोटं होतं.''

''माहीत आहे मला.''

''मंग लिहा ना कुठं. माया नावानं लिहा.''

सिस्टरांनी पेन उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग सुटकेच्या कागदाच्या पाठीवर तिने सांगितले तसे, तिच्याच शब्दांत, सावकाश लिहून घेतले आणि तिला वाचून दाखवले. तिने मान डोलावली. ''आता बरोबर,'' म्हणाली, आणि आईच्या मागून फाटकाकडे चालू लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी सांगते की खोटे बोलणाऱ्या माणसालाही एखाद्या दिवशी खरे सांगायचे असते, आणि तो दिवस कोणता हे आधी कळत नाही. म्हणून दर वेळी उठून दारापर्यंत जावे लागते. चाळीस हाकांतल्या एकोणचाळीस फुकट जातील. पाय दुखतील, माणसे हसतील. सिस्टर थकल्या होत्या, मीही थकत असे. थकव्याचा मला राग नाही. पण थकव्याला आपण निदानाचे नाव देतो, कधी 'नाटकी' म्हणतो, कधी 'सराईत', तेव्हा जाळीचे कुलूप आपण लावलेले असते.

निवृत्तीनंतर मी जळगावला राहते. मुक्ताईनगरकडे जाताना मधूनच फैजपूरच्या फाट्यावर गाडी थांबवते, काही काम नसताना. केळीच्या ट्रकांआडून बायका घरी परतत असतात, डोक्यावर चुंबळ, हातात विळा. त्यांच्यात एखादी तिशीपलीकडची असते, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी. मी चेहरा ओळखायला बघते आणि प्रत्येक वेळी चुकते. कदाचित ती तिथे नसेलही. कदाचित तिचे पुन्हा बिनसले असेल. तिचा आजार काही माझ्या अहवालाने बरा होणारा नव्हता. तरी काच खाली करते. धुळीबरोबर आत येतात त्या बायकांचे आवाज, एकमेकींना मारलेल्या साध्या हाका, आणि त्यांना लगोलग मिळणारी उत्तरे. ती ऐकत मी बसते, ट्रक निघून रस्ता मोकळा होईपर्यंत.